शाडूची माती पेणला परत पाठवायची आहे : अनुभव आणि सल्ला हवा

कोलशेतकर · ८ जुलै २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

परवा आषाढी झाली. म्हणजे गणपतीचा पाट द्यायचे, मूर्तिकाराकडे मूर्ती सांगून ठेवायचे दिवस आले, काहींचे देऊनही झाले असतील. हा धागा आत्ताच काढतोय, कारण श्रावण संपल्यावर या विषयावर कितीही पोटतिडकीने बोललं तरी हाती काही लागत नाही. तोवर मूर्ती घडून, रंगून तयार असतात.

आमची सोसायटी ठाण्यात, कोलशेत रोडला. ११२ घरं, त्यांत ३७ घरगुती गणपती. गेल्या वर्षी आम्ही १४ घरांनी ठरवून शाडूच्या मूर्ती आणल्या आणि विसर्जन सोसायटीच्या आवारातच, २०० लिटरच्या चार पिंपांत केलं. कृत्रिम तलाव जवळ आहे, आधी आम्ही तिथेच जायचो. पण तिथे सगळ्यांच्याच मूर्ती एकत्र येतात. शाडू आणि पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) एकाच पाण्यात गेलं की ती माती पुन्हा कोणाच्या कामाची राहत नाही.

हे डोक्यात शिरलं ते आईमुळे. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन खाडीवर गेलो होतो. ओहोटी होती. चिखलात मूर्ती आडव्यातिडव्या रुतल्या होत्या, कुणाचा हात नाही, कुणाची सोंड नाही, आणि रंग मात्र कालच दिल्यासारखा. आई तिथे काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढल्या वर्षी माझा गणपती असा पडलेला नको."

तर पिंपांची हकीकत. निर्माल्य, वस्त्रमाळ, जानवं, दागिने सगळं आधी काढून घेतलं. एकेक मूर्ती आरती करून पाण्यात ठेवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो. मूर्ती विरघळल्या नाहीत तर सकाळी १४ घरांना तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात. पहाटे पाचला खाली गेलो. बारा मूर्तींची माती तळाशी अगदी शांत बसली होती. दोन मात्र अर्ध्या उभ्या होत्या. त्यांच्यावर चकचकीत ऑइलपेंट होता. आतली माती सुटली होती, पण रंगाची साल तशीच उभी. ती हाताने काढताना काय वाटलं ते लिहिता येत नाही.

नंतर गाळ जुन्या साडीतून गाळला, वरचं पाणी झाडांना दिलं, माती वाळवून गोण्यांत भरली. साधारण ८० किलो भरली. सहा गोण्या पंपरूमच्या मागे ताडपत्रीखाली आहेत, आता घट्ट ढेकळं झाली आहेत. सेक्रेटरींनी ऑगस्टपर्यंत मुदत दिली आहे.

आता विचारायचं आहे ते असं. ही माती पेणचे कोणी मूर्तिकार परत घेतात का, आणि घेत असतील तर कशा अवस्थेत द्यायची? बाकीच्या २३ घरांशी बोलायचं कसं? जबरदस्ती करायची नाही, कुणाचा सण बेचव करायचा नाही. आणि ज्यांची पीओपीची मूर्ती ठरलेलीच आहे त्यांच्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटने मूर्ती विरघळवायचा उपाय सोसायटीत करावा का?

मरवा · ९ जुलै, सकाळी ७.५५

तुमच्या आईंचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी वर्तकनगरची. आमच्या घरी शाडूच असते, बादलीत विसर्जन करून माती कुंडीत घालते. पण दोन वर्षांत दोन्ही जास्वंदी गेल्या. मातीमुळे की आणखी कशाने?

रसायनवाचक · ९ जुलै, दुपारी १.२०

मरवाताई, मातीमुळेच असण्याची शक्यता मोठी. शाडूचे कण फार बारीक असतात. पाणी पडलं की ती गच्च बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी साचून मुळं कुजतात. बागेची माती, शेणखत आणि थोडी वाळू यांत मिसळून, फार तर चौथा हिस्सा शाडू ठेवा. नुसती कधीच नको.

कोलशेतकर, पीओपीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी अर्धवट बोललं जातं. पीओपी म्हणजे जिप्सम सुमारे १५० अंशांवर भाजून त्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडवून केलेली पूड. पाणी मिळालं की ती पुन्हा जिप्सम होऊन दगडासारखी घट्ट बसते. जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही असं नाही, पण लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणून तलावासारख्या साचलेल्या पाण्यात मूर्ती महिनोन्महिने राहते. जे विरघळतं त्याने पाणी जड होतं. शिवाय तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्यातलं सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. आणि रंग हा वेगळाच विषय. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असलेले रंग शाडूवर लावले तरी ते पाण्यात जाणारच. तेव्हा मूर्ती शाडूची आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली आणि पुणे महापालिकेने ती पावडर लोकांना वाटलीही. बेकरीत बिस्किटं फुलायला वापरतात तीच ही. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. ४८ तासांच्या आसपास मूर्ती विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखा गाळ उरतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी. ते नत्र आणि गंधक देणारं खत आहे, पण भरपूर पाणी मिसळूनच झाडांना द्यायचं, आणि रंगाची खात्री नसेल तर भाजीपाल्याला मुळीच नाही. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे बंद बाल्कनीत करू नका. तुमच्याकडे मोकळं आवार आहे, करा. फक्त ते पिंप शाडूच्या पिंपांपासून लांब ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

नौपाड्याचा जुना · ९ जुलै, रात्री ९.०५

मी ७१ वर्षांचा आहे. लहानपणी मासुंदा तलावावर विसर्जनाला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. तुमची तळमळ मला समजते. पण पिंपात देव बुडवायचा हे मनाला पटत नाही. विसर्जन वाहत्या पाण्यात, निदान मोठ्या पाण्यात हवं. दहा दिवस ज्याच्यापुढे हात जोडले त्याला पंपरूमजवळच्या प्लास्टिकच्या पिंपात सोडून घरी यायचं? माझा विरोध आहे असं नाही. मला जमणार नाही एवढंच.

कोलशेतकर · ९ जुलै, रात्री ९.४०

काका, तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते खरं आहे. गेल्या वर्षी पहिली मूर्ती आमचीच होती आणि पिंपाजवळ गेल्यावर माझेही हात थांबले होते. बायकोने आणि शेजारच्या वहिनींनी पिंपांना केळीचे खांब लावले होते, आंब्याचं तोरण होतं, खाली रांगोळी. पाण्यात हळद-कुंकू आणि थोडं गंगाजल. त्याने पुष्कळ फरक पडला. तरीही तुम्ही म्हणता ती हुरहूर राहिली.

अक्षता · १० जुलै, सकाळी ६.३०

मी पौरोहित्य करतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची पूजा ही पार्थिव गणेशाची. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मूर्ती मातीची असावी हा आग्रह प्रदूषणाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

काकांच्या शंकेबद्दल. प्राणप्रतिष्ठेने आपण मूर्तीत देवत्वाचं आवाहन करतो. उत्तरपूजेत अक्षता वाहून, मूर्ती जागेवरून किंचित हलवून निरोप देतो, आणि "पुनरागमनाय च" म्हणतो. देव त्या क्षणी निघाला. नंतर हातात असते ती माती, आणि ती आदराने पाण्यात विरावी एवढीच अपेक्षा. पाणी स्वच्छ असावं, नंतर कुणाच्या पायदळी येऊ नये. पिंपात या दोन्ही गोष्टी सांभाळता येतात. ओहोटीच्या चिखलात सांभाळता येतात का, हे धागाकर्त्याच्या आईंनी पाहिलं आहे.

अजून एक. विसर्जन करून येताना रिकामा पाट घरी आणायचा नाही, पाण्याच्या तळची मूठभर माती किंवा वाळू त्यावर ठेवून आणायची, अशी रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. ती माती घरात आणून, आरती करून, मग कोठीत किंवा अंगणात टाकतात. गेलेला परत येणार, आणि मातीतूनच येणार, हे त्या मुठीत असतं.

नौपाड्याचा जुना · १० जुलै, सकाळी ८.१०

गुरुजी, पाटावरच्या मातीचं तुम्ही लिहिलंत आणि एकदम वडील आठवले. मासुंद्याच्या पायरीवर वाकून माती घ्यायचे आणि येताना मला पाट धरायला द्यायचे. आमच्याकडे ही रीत कधी सुटली ते कळलंच नाही.

पेणची लेक · ११ जुलै, रात्री ११.१५

माझं माहेर पेणजवळ, मूर्तिकारांच्या घरातली मी. लग्न होऊन आता नेरूळला. हमरापूर, जोहे या गावांत घरटी कारखाने आहेत, दिवाळी झाली की काम सुरू होतं ते भाद्रपदापर्यंत. माझ्या भावाशी फोनवर बोलून लिहिते आहे, म्हणून उशीर झाला.

कोलशेतकर दादा, माती घेतात. सगळे नाही, पण घेतात. अटी आहेत. काथ्या, खिळे, तारा, सुतळी, चमकी, खडे, कापड यातलं काही नको. कारागीर माती हाताने मळतो, एक तार राहिली तर हात फाटतो. ऑइलपेंटची साल आलेली माती नको. कुंडीची किंवा बागेची लाल माती मिसळलेली नको, कारण मग ती सुकताना तडकते. थोडा रंग उतरून माती करडी किंवा गुलाबी झाली तर चालतं, वरून रंग द्यायचाच असतो. आणि ढेकळं झाली म्हणून घाबरू नका. उलट पूर्ण वाळलेली शाडू पाण्यात लवकर विरघळते, ओली-दमट असेल तर वेळ लागतो. भाऊ म्हणतो, वाळकी ढेकळं गोणीत भरून आणा, बाकी आम्ही बघतो. ती भिजवून, गाळून, नव्या मातीत मिसळून लहान मूर्तींना वापरतात. भिजून मुरलेली माती हाताला जास्त लवचीक लागते, हे आमच्या आजोबांपासून ऐकते आहे.

हेही लक्षात घ्या, की शाडू आपल्या मातीतली नाही. ती गुजरातेतून, मुख्यतः भावनगरकडून ट्रकने येते. ती खणावी लागते आणि एवढ्या लांबून आणावी लागते. त्यामुळे शाडू घेतली आणि दरवर्षी पाण्यात घालवली, तर तेही पुरं झालं असं नाही. तुम्ही परत आणून देताय, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता कारखान्याची बाजू. पीओपीवर लोक मूर्तिकाराला दोष देतात, ते ऐकून जीव तुटतो. पीओपी साच्यात ओतलं की काही मिनिटांत घट्ट होतं. मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलकी, एका माणसाला उचलता येते. पावसाळ्यातही काम अडत नाही. शाडूची फूटभर मूर्ती आमच्याकडे पावसात पंधरा-पंधरा दिवस सुकत नाही. घाईने सुकवली तर तडा जातो. वजन पाच-सहा किलो. टेम्पोत एक धक्का बसला की बोट तुटतं, कान तुटतो, आणि तुटलेली मूर्ती कोणी घेत नाही. ते नुकसान सगळं कारागिराचं. म्हणून शाडू महाग. वर गिऱ्हाईक भाद्रपदाच्या आठ दिवस आधी येतं आणि पीओपीच्या भावात दोन फुटांची शाडू मागतं. कुठून द्यायची?

तुम्हाला खरंच बदल हवा असेल तर पाट लवकर द्या. माघी गणपतीनंतर, फाल्गुनात दिलात तर उत्तम. उन्हाळ्यात मूर्ती सुकते, तडा जात नाही. अर्धे पैसे आगाऊ द्या. उंची नऊ इंच ते एक फूट ठेवा. पाट देतानाच सांगा, की ऑइलपेंट नको, पाण्यातले रंग द्या, चमकी नको. रेखणीत काही कमी होत नाही. डोळे आखणारा तोच हात असतो.

कोलशेतकर · ११ जुलै, रात्री ११.५०

ताई, काय बोलू. तुम्ही जे लिहिलंत ते छापून लिफ्टजवळ लावतो, तुमची हरकत नसेल तर.

पेणची लेक · १२ जुलै, सकाळी ७.०५

लावा की. भावाचा नंबर तुम्हाला वेगळा पाठवते.

ऐरोली खाडीकाठ · १२ जुलै, दुपारी ४.३०

थोडा नवी मुंबईचा अनुभव. आमच्याकडे काही तलावांत दगड भरलेल्या जाळ्यांची गॅबियन भिंत घालून विसर्जनाचा कोपरा उरलेल्या पाण्यापासून वेगळा केलेला आहे. गाळ त्या कोपऱ्यातच राहतो, काढायला सोपा जातो. गेली काही वर्षं विभागवार कृत्रिम तलावही असतात.

मला खाडीबद्दल बोलायचं आहे. समोरचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. हिवाळ्यात ओहोटीला तो चिखल गुलाबी होतो. फ्लेमिंगो जे खातात ते त्या चिखलात आणि उथळ पाण्यातच असतं, सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव. आपण त्याला चिखल म्हणतो, त्यांचं ते ताट आहे. आईंना त्या सकाळी जे दिसलं ते त्या ताटात पडलेलं होतं. शाडूनेही पाणी गढूळ होतं, गाळ वाढतो, तेव्हा शाडूची मूर्तीही खाडीत किंवा तलावात नको असं माझं स्पष्ट मत आहे.

सात खडे · १३ जुलै, सकाळी १०.१५

कोणी गौरींचं काही लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, वाटेत मागे न बघता आणि न बोलता, तोंडात पाण्याची चूळ धरून. सोबत तेरडा. सासूबाई दापोलीच्या, तिकडे नदीवर जायच्या. ठाण्यात आल्यावर उपवन तलावाच्या काठी जायचो. आता सोसायटीच्या बागेतल्या नळाजवळचे खडे घेते आणि विसर्जन केल्यावर तिथेच ठेवते. पुढच्या वर्षी तेच सापडले तर तेच. सणात आणायला लागतं ते एवढंच, सात खडे आणि रानातली फुलं.

मरवा · १३ जुलै, दुपारी १२.००

सात खडे, किती छान. मला पत्रीबद्दल बोलायचं आहे, येऊरच्या पायथ्याशी राहते म्हणून रोज बघते. चतुर्थीच्या आधी दोन दिवस डोंगरातून पत्रीचे भारेच्या भारे खाली येतात. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. बाजारात विकत घेतलेल्या जुडीत २१ पत्री असतील असं आपण धरून चालतो, पण मी एकदा जुडी सोडून बसले तर त्यात बारा-तेरा प्रकार होते, बाकी कुठलीही हिरवी पानं. म्हणजे जंगल ओरबाडलं आणि देवाला खोटी पत्री वाहिली.

माझ्या गच्चीत दूर्वा, तुळस, माका, मरवा, जाई आणि डाळिंब आहे. खालच्या रस्त्याकडेला आघाडा आणि रुई पावसात आपोआप उगवतात. सोसायटीच्या आवारात बेल आणि कण्हेर आहे. पिंपळाचं पान कुठेही मिळतं. अकरा झाल्या. उरलेल्यांच्या जागी दूर्वा किंवा अक्षता वाहते, गुरुजींनीच सांगितलं होतं तसं. मुलांना घेऊन पत्री गोळा करायला निघते, तेव्हा त्यांना आघाडा कोणता आणि माका कोणता ते कळतं. माझ्यासाठी पूजा तिथूनच सुरू होते.

माटवी · १३ जुलै, रात्री ८.४५

बरां वाटलां वाचून. आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचा घोस, कवंडळं, हरणाची फुलं, तेरडा, काकडी, चिबूड, जे त्या दिवसांत रानात आणि परसात पिकतं ते. ठाण्यात घर घेतल्यापासून मी चार फुटांची माटवी बांधतो, सामान गावाहून भाऊ एसटीने पाठवतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा बिल्डिंगमधले लोक आता मखर कसं करायचं म्हणून चिंतेत होते. आमच्या घरी काहीच बदलायचं नव्हतं.

वागळेचा कार्यकर्ता · १५ जुलै, रात्री १२.१०

घरगुती गणपतीवर चर्चा चांगली चालली आहे, पण सार्वजनिक मंडळांचं कोणीतरी बोललं पाहिजे. आमच्या मंडळाची मूर्ती अकरा फुटांची असायची, पीओपी. तीन वर्षांपूर्वी खूप वाद होऊन निर्णय घेतला, की मोठी मूर्ती कायमची ठेवायची, दरवर्षी तीच बसवायची, आणि विसर्जन पूजेच्या फूटभर शाडूच्या मूर्तीचं करायचं. पुण्यातली कितीतरी जुनी मंडळं वर्षानुवर्षं असंच करतात.

पहिल्या वर्षी पोरं नाराज होती. मिरवणुकीत मोठी मूर्ती नाही म्हणजे काय मजा, असं म्हणाली. मी स्वतः रडलो होतो. पण ट्रॉली नाही, क्रेन नाही, विजेच्या तारा उचलायला बांबू घेऊन पुढे चालणारं कोणी नाही. पालखीतून मूर्ती, पुढे लेझीम. डीजे बंद केला. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आपलं साधं बोलणंही त्याच्या वर जातं. गल्लीत दोन अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. विसर्जनानंतर त्यातल्या एका आजींनी पोरांना घरी बोलावून पेढे दिले, त्यानंतर तो विषय मंडळात पुन्हा निघाला नाही. मूर्तीचे दरवर्षी वाचणारे पैसे वस्तीतल्या मुलांच्या वह्यापुस्तकांना जातात.

रसायनवाचक · २५ जुलै, सकाळी ९.३०

सगळ्यांना उपयोगी म्हणून. ९ जूनला उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला मुभा दिली होती, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही असं म्हटलं होतं. काल, २४ जुलैच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या सगळ्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावांतच करायचं आहे, आणि हे मार्च २०२६ पर्यंत लागू आहे. म्हणजे घरगुती गणपतींसाठी तळं आणि खाडी हा प्रश्न यंदा उरला नाही. कोलशेतकर, तुमच्या सभेत हे सांगा, वाद कमी होतील.

कोलशेतकर · ४ ऑगस्ट, रात्री १०.००

काल पेणला जाऊन आलो. सहा गोण्या, शेजाऱ्यांची गाडी, आम्ही तिघे. पेणच्या ताईंच्या भावाने एक ढेकूळ उचललं, पाण्याच्या घमेल्यात टाकलं आणि आम्हाला म्हणाला, बघा. दोन-तीन मिनिटांत ते फुलासारखं उमलत गेलं आणि विरघळलं. त्याने हात घालून चिखल बोटांत चोळला आणि मान हलवली. एक गोणी परत दिली, तिच्यात चमकी होती. चूक आमची, गाळताना घाई झाली. पाच घेतल्या.

सभेचं सांगतो. बोलणं मी केलंच नाही. ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि आईने तिची खाडीवरची सकाळ सांगितली. २३ पैकी ८ घरं यंदा शाडूवर आली, त्यांना लहान मूर्ती मिळाल्या. सहा जणांचे पीओपीचे पाट आधीच गेलेले, ते बायकार्बोनेटच्या पिंपाला तयार आहेत. बाकीचे नेहमीप्रमाणे कृत्रिम तलावावर जातील, आणि त्यांच्याशी कुणीही वाकडं बोलायचं नाही असं सभेतच ठरलं.

प्रसादासाठी २०० स्टीलच्या ताटल्या आणि वाट्या घेतल्या आहेत. धुवायची पाळी मजल्यांप्रमाणे.

लाल माती · ५ ऑगस्ट, सकाळी ११.२५

शाडूऐवजी बागेच्या लाल मातीची मूर्ती घरी केली तर? आणि कागदाच्या लगद्याची?

रसायनवाचक · ५ ऑगस्ट, दुपारी २.००

लाल माती जरूर. ठसठशीत करा, नाजूक बोटं नकोत, तडे जातात. सोंड अंगाला चिकटलेली ठेवा. कुंडीतच विरघळवता येते. कागदाचा लगदा मात्र मला पसंत नाही. पाण्यात कुजताना तो प्राणवायू खातो, आणि छापील कागदाची शाई त्यात असतेच.

कोलशेतकर · ७ सप्टेंबर, सकाळी ७.२०

काल अनंत चतुर्दशी झाली. दीड दिवसाचे, गौरींसोबतचे आणि कालचे मिळून २२ मूर्ती, सात पिंपं. ऑइलपेंटची एकही नाही. पहाटे खाली गेलो तेव्हा सगळ्या पिंपांत वर निवळ पाणी होतं. बायकार्बोनेटच्या पिंपांत सहापैकी पाच विरघळल्या आहेत, एक अजून ढवळतो आहोत. चमकी यंदा आधीच ब्रशने काढली, ते काम मुलांनी केलं.

आईने तिच्या पाटावर पिंपाच्या तळची मूठभर माती घेतली. ते बघून एकेक करून सगळेच पाट घेऊन खाली आले.

नौपाड्याचा जुना · ७ सप्टेंबर, सकाळी ९.३५

यंदा आमची मूर्ती पीओपीचीच होती, पाट चैत्रातच दिलेला. काल नातवाबरोबर कृत्रिम तलावावर गेलो. व्यवस्था चांगली होती, स्वयंसेवक मुलांनी मूर्ती अदबीने हातात घेतली आणि पाण्यात सोडली. पण पाट घेऊन उभा राहिलो आणि लक्षात आलं, की त्यावर न्यायला इथे माती नाही. रिकामा पाट घेऊन घरी आलो. तो अजून देव्हाऱ्यासमोरच ठेवला आहे, उचलवत नाही.

पुढच्या वर्षीची शाडू मी पेणला सांगेन, ताईंकडून पत्ता घेऊन. आत्ता एवढीच विनंती, की तुमच्या पिंपातली मूठभर माती मिळेल का? नातवाला पाठवतो.

कोलशेतकर · ७ सप्टेंबर, सकाळी ९.४०

काका, नातवाला कशाला, मीच घेऊन येतो. आईही येते म्हणते आहे. संध्याकाळी सहानंतर घरी आहात ना?